अठराव्या वर्षी 'वडीलधारे'

यूट्यूबवर 'मिशन कॉल' असं टाकून बघा. शेकडो घरगुती व्हिडिओ निघतात आणि सगळे साधारण सारखेच. सोफ्यावर, जमिनीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर नातेवाईक दाटीवाटीने बसलेत. आजी-आजोबांना खुर्च्या. लांबच्या मावशीला कोणीतरी व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलंय. मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, हातात फोन नाहीतर लॅपटॉप. सगळ्यांनी आधीच अंदाज बांधलेत: ब्राझील, जपान, घाना, की आपलं शेजारचंच राज्य? मग तो मोठ्याने वाचायला लागतो. देशाचं नाव आलं की किंचाळ्या, टाळ्या, आणि आईच्या डोळ्यांत पाणी. आपल्याकडे बारावीचा निकाल आणि मुलीचं लग्न ठरणं एकाच संध्याकाळी झालं तर घर जसं दिसेल, तसं ते घर दिसतं.

ही मुलं मॉर्मन कुटुंबांतली. म्हणजे अमेरिकेत १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी सुरू केलेल्या ख्रिस्ती पंथातली. पंथाचं अधिकृत नाव लांबलचक आहे, 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका असं चर्चने २०१८ पासून आग्रहाने सांगायला सुरुवात केली आहे, पण जग अजून मॉर्मनच म्हणतं, आणि या लेखापुरतं मीही तेच म्हणणार आहे. मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला. तिथून दरवर्षी हजारो मुलंमुली जगभर पाठवली जातात, मुलं दोन वर्षांसाठी, मुली दीड वर्षासाठी. आजघडीला असे सत्तर हजारांहून जास्त मिशनरी जगात कुठे ना कुठे काम करताहेत.

धर्माच्या भानगडीत मला फार पडायचं नाही. मला या गोष्टीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. तुम्ही इंदूरला असाल, बडोद्याला, बंगळुरूला किंवा दिल्लीला. तुमच्या घरातलं कोणीतरी नोकरी-शिक्षणासाठी लांब गेलेलं असणार, किंवा तुम्हीच गेला असाल. पहिले सहा महिने कसे जातात हे तुम्हाला माहीत आहे. आता कल्पना करा, की जायचं कुठे हे तुम्ही ठरवायचं नाही, कोणाबरोबर राहायचं तेही नाही, पगार नाही, उलट पैसे तुम्हीच भरायचे, आणि दिवसभराचं काम म्हणजे अनोळखी माणसांकडून 'नको' ऐकणं.

कुठे जायचं ते पत्र सांगतं

अर्ज स्थानिक बिशपमार्फत जातो. डॉक्टर आणि दाताच्या डॉक्टरचा दाखला लागतो, मुलाखती होतात. पसंतीचा देश विचारला जात नाही. सॉल्ट लेकमधले वरिष्ठ धर्मगुरू नेमणूक ठरवतात, आणि ती देवाच्या प्रेरणेने ठरते असं ही कुटुंबं मानतात. पूर्वी एक मोठं पांढरं पाकीट पोस्टाने यायचं, पोस्टमनची वाट पाहणं हा सोहळ्याचाच भाग होता. २०१८ पासून पत्र ऑनलाईन येतं. पाकीट फाडण्यातली मजा गेली, पण कुटुंब जमवणं राहिलं.

वयाची अट २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये बदलली. तोपर्यंत मुलांसाठी किमान १९ आणि मुलींसाठी २१ असं होतं. ते तेव्हा १८ आणि १९ वर आणलं. दोन वर्षांत मिशनरींची संख्या साधारण ५९ हजारांवरून ८५ हजारांवर गेली. यात मुलींचा वाटा लक्षात घ्यावा असा आहे. २१ व्या वर्षी कॉलेज अर्धं झालेलं असतं, लग्नाचं चाललेलं असतं (हो, तिथेही), मग मिशन राहून जायचं. १९ व्या वर्षी निघता आलं आणि मुली भराभर निघाल्या. मुलांवर मात्र हे जवळपास कर्तव्य म्हणून असतं. मुलींना 'हवं तर जा'. दबाव कुणावर जास्त, हे सांगायला नको. अविवाहित मुलींना पहिल्यांदा पाठवलं ते १८९८ मध्ये. दोघी होत्या, इंग्लंडला गेल्या.

पैशांचं सांगते, कारण तुम्ही विचारणारच. अमेरिकेतल्या मिशनरीने किंवा त्याच्या घरच्यांनी महिन्याला ५०० डॉलर भरायचे. २०२० च्या जुलैपर्यंत ही रक्कम ४०० होती. तुम्ही टोकियोला गेलात किंवा एखाद्या स्वस्त देशात, रक्कम तीच. सगळे पैसे एकत्र होतात आणि गरजेप्रमाणे वाटले जातात. अनेक मुलं शाळेत असल्यापासून यासाठी साठवतात. सुट्टीत पिझ्झा पोचवून, गवत कापून जमवलेले पैसे बाइकवर नाही, मिशनवर जातात.

'एल्डर पाटील'

निघण्याआधी प्रशिक्षण. सगळ्यात मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो गावात आहे, आणि मनिला, मेक्सिको सिटी, साओ पावलो अशा ठिकाणीही आहेत. भाषा शिकायची नसेल तर काही आठवड्यांत सुटका, नवी भाषा असेल तर जास्त मुक्काम. प्रोव्होत पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. शिकवणारे बहुतेक वेळा त्याच देशातून नुकतेच परतलेले मिशनरी, म्हणजे शिक्षक बाविशीचा आणि विद्यार्थी एकोणिशीचा. कोविडनंतर प्रशिक्षणाचा सुरुवातीचा भाग घरूनच ऑनलाईन होतो. आईच्या हातचं खात, आपल्याच खोलीत, पण टाय लावून.

इथे नाव बदलतं. मुलगा 'एल्डर' होतो, मुलगी 'सिस्टर', पुढे फक्त आडनाव. छातीवर काळी नावपट्टी. पहिलं नाव दोन वर्षं बाजूला. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड नुकतं फुटलेल्या पोराला 'वडीलधारे' म्हणायचं, हे ऐकून मला आधी हसूच आलं. पण आडनावाने हाक मारणं आपल्याला काय नवीन? आपल्या शाळांमध्ये 'ए कुलकर्णी', 'काय रे जाधव' हेच तर चालतं. तेव्हा एखादा पाटलांचा मुलगा या वाटेला गेला, तर त्याचं घरचं 'बंटी' दोन वर्षं कुलूपबंद आणि तो होणार एल्डर पाटील.

नियम पुष्कळ आहेत. साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद. प्रेमप्रकरण नाही. सिनेमा, टीव्ही, गेम नाहीत. पोहायचं नाही, समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी नेमणूक असली तरी. गाणी ऐकायची ती ठरावीक प्रकारची. २०१७ मध्ये दिनक्रम थोडा सैल केला. कधी अभ्यास करायचा, कधी जेवायचं हे जागा बघून ठरवायची मुभा मिळाली. मुलींना २०१८ च्या शेवटापासून पँट घालता येते. थंडीच्या देशांत सायकलवर स्कर्ट घालून फिरणाऱ्या मुलींसाठी हा निर्णय फार उशिरा आला असं माझं मत.

जोडीदार

या सगळ्यात मला सगळ्यात कठीण वाटतो तो एक नियम: एकटं राहायचं नाही. कधीच. प्रत्येक मिशनरीला एक जोडीदार असतो, मुलाला मुलगा, मुलीला मुलगी. दोघांनी कायम एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं. बाथरूम सोडलं तर सगळीकडे बरोबर. एकाच खोलीत झोपायचं, पलंग वेगळे. एकाला सर्दी झाली तर दोघंही घरी. एकाला दुकानात जायचं असेल तर दुसराही चालला.

जोडीदार निवडता येत नाही. मिशन प्रेसिडेंट म्हणून एक मध्यमवयीन किंवा त्याहून मोठा गृहस्थ असतो, तो पत्नीसह तीन वर्षांसाठी त्या देशात राहायला येतो. आपल्या भागातल्या मिशनरींच्या जोड्या तोच लावतो. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. कोणी राहतं, कोणी हलतं. आवडलेला जोडीदार अचानक तीनशे किलोमीटरवर जातो आणि ज्याच्याशी पटत नाही तो आणखी सहा आठवडे राहतो.

पीजीत रूममेटवरून भांडलेल्या प्रत्येकाने यावर थोडं थांबून विचार करावा. रूममेट घोरत असेल तर आपण हेडफोन लावतो, मैत्रिणीकडे झोपायला जातो, निदान ऑफिसात आठ तास सुटका असते. इथे ऑफिसही तोच, घरही तोच, रविवारही तोच. तो चिडलेला असताना त्याच्या शेजारी सायकल चालवायची, आणि पुढच्या दारावर बेल वाजली की दोघांनी हसून 'नमस्कार' म्हणायचं. बरं, एक जण अमेरिकेतल्या सुखवस्तू घरातला, दुसरा फिलिपिन्समधल्या छोट्या गावातला, असंही होतं. एकाला भांडी लगेच घासायची असतात, दुसऱ्याला सकाळी. परतलेले लोक सांगतात, की आम्ही मिशनवर लग्न करायला शिकलो. हसू नका. नवऱ्याला किंवा बायकोला न सोडता भांडण कसं संपवायचं हे शिकण्याची दुसरी कुठली शाळा आहे?

नियमामागचं कारण सुरक्षितता हे आहे. दोघं असले की अपघात, आजार, भलतेसलते आरोप, मोह, सगळ्यांपासून थोडं संरक्षण. पण त्याची किंमतही आहे. रडायचं असेल तर कुठे जाऊन रडायचं?

या मुलांनी आपली एक बोलीच तयार केली आहे. नवा आलेला 'ग्रीनी', म्हणजे हिरवा, कोवळा. त्याला शिकवणारा ट्रेनर म्हणजे त्याचा 'बाप', मुलींमध्ये 'आई'. पहिलं गाव म्हणजे जिथे तुम्ही 'जन्मलात', आणि मिशन संपणं म्हणजे 'मरणं'. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द, 'ट्रंकी'. ज्याने मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली आहे, शरीर इथे आणि जीव घरी, तो ट्रंकी. आपल्याकडे होस्टेलला पत्र्याची ट्रंक घेऊन गेलेल्या पिढीला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

नको, धन्यवाद

आता मुख्य काम. लोकांना भेटायचं, धर्माबद्दल सांगायचं. पूर्वी दारोदार फिरणं जास्त होतं, आता फेसबुकवरून आणि व्हिडिओ कॉलवरूनही बरंचसं चालतं. तरी नकार तोच. दार उघडतं, पांढरे शर्ट दिसतात, दार बंद. कोणी कुत्रा सोडतं. कोणी विचारतं, 'तुम्हाला बायका किती?' बहुपत्नीत्वाची प्रथा या चर्चने अधिकृतपणे १८९० मध्ये सोडली, पण प्रश्न काही सुटला नाही. वर २०११ मध्ये ब्रॉडवेवर 'द बुक ऑफ मॉर्मन' नावाचं संगीत नाटक आलं, युगांडात गेलेल्या दोन बावळट मिशनरींची टिंगल करणारं, आणि ते तुफान चाललं. चर्चने काय केलं? नाटकाच्या माहितीपुस्तिकेत स्वतःचीच जाहिरात दिली. नाटक पाहिलंत, आता मूळ ग्रंथही वाचा, अशा अर्थाची. रागावण्यापेक्षा हे बरं.

नकाराची गोष्ट निघाली की मिट रोम्नी आठवतात. तेच, २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले. १९६६ मध्ये एकोणिशीत ते मिशनरी म्हणून फ्रान्सला गेले. वडील तेव्हा मिशिगन राज्याचे गव्हर्नर. घरी गाड्या, नोकरचाकर, आणि हे ल हाव्रमध्ये साध्याशा खोलीत राहून दारं ठोठावताहेत. मॉर्मन लोक दारू पीत नाहीत, आणि हे निघाले फ्रेंचांना वाइन सोडायला सांगायला! जवळजवळ सगळ्या दारांवर नाहीच ऐकलं. त्यात इकडे प्रेयसी अ‍ॅन अमेरिकेत कॉलेजात. तिचं पत्र आलं, की तिला दुसरा एक मुलगा आवडू लागलाय. मिशनरींच्या बोलीत अशा पत्राला 'डिअर जॉन' म्हणतात आणि ते इतक्या जणांना येतं, की तो विनोदाचाच विषय झालाय. ज्याला येतं त्याच्यासाठी अर्थात नाही. हजारो मैल दूर, फोन करायची सोय नाही, उत्तर पोचायला आठवडा.

मग १६ जून १९६८. दक्षिण फ्रान्समधल्या एका गावातून रोम्नी गाडी चालवत होते. गाडीत एकूण सहा जण, त्यांत मिशन प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नी. समोरून चुकीच्या बाजूने आलेली गाडी धडकली. प्रेसिडेंटच्या पत्नी गेल्या. रोम्नी इतके जखमी होते, की पोलिसाने ते मेले असं समजून पासपोर्टवर तसं लिहूनही टाकलं. ते वाचले. प्रेसिडेंट पत्नीचा मृतदेह घेऊन अमेरिकेला गेले आणि एकविशीच्या रोम्नींनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर संपूर्ण फ्रान्समधलं काम सांभाळलं. त्या वयात मृत्यू शेजारी बसून गेलेला. वर्षाअखेर ते घरी परतले, अ‍ॅनने त्यांनाच होकार दिला, पुढच्या मार्चमध्ये लग्न झालं.

सगळ्यांच्या वाट्याला इतकं नाट्य येत नाही हे बरंच आहे. पण धोका असतो. २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला तेव्हा जखमींमध्ये तीन मॉर्मन मिशनरी होते, त्यांतले दोघे विशीच्या आसपासचे.

इथे माझं मत सांगून टाकते. दारात येऊन कोणी मला माझा धर्म बदलायला सांगितलेलं मला आवडणार नाही. आणि दार ठोठावणाऱ्या मुलाला जेव्हा 'हो' मिळतं, तेव्हा त्या दाराच्या आत काय होतं, हेही मराठी माणसाने जाणून असावं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंची काय अवस्था झाली, त्या किती वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्याला विसरता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला एवढं कळत असेल का? बहुधा नाही. पण त्याच अठरा वर्षांच्या मुलाला दिवसातून वीस वेळा दार तोंडावर बंद झाल्यावर एकविसावी बेल वाजवता येते, हेही मला सोडून देता येत नाही. मला एका ईमेलला उत्तर आलं नाही तर संध्याकाळ वाईट जाते.

मदर्स डेचा फोन

आता आयांबद्दल. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरींना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच होती: नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं, पुढे आठवड्याला एक ईमेल. दोन वर्षांत चार फोन! त्या चार फोनांसाठी आख्खं घर फोनभोवती कसं बसत असेल, ते तुम्ही तुमच्या घरावरून ओळखा. एसटीडी बूथच्या काळात रविवारी रात्री दर कमी झाल्यावर फोन करणाऱ्यांना याची थोडी कल्पना असेल.

आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. आठवड्यातला एक दिवस 'प्रिपरेशन डे', बोलीभाषेत पी-डे. कपडे धुणं, केस कापणं, किराणा, गाव बघणं आणि घरी फोन, सगळं त्याच दिवशी. नियम बदलल्यावर एक मजेशीर वाद झाला. जुन्या लोकांचं म्हणणं, आम्ही नाही का राहिलो? दर आठवड्याला आईचा चेहरा दिसला तर मुलगा ट्रंकी होणार. मला हा वाद फार ओळखीचा वाटला. आपल्याकडेही 'आमच्या वेळी पत्र यायला आठ दिवस लागायचे' म्हणणारे काका असतातच. मला वाटतं, आईचा चेहरा बघून मुलगा जितका हलतो, त्यापेक्षा न बघून जास्त हलतो. पण आजोबा गेल्याची बातमी परदेशात ऐकून, अंत्यसंस्काराला न जाता काम चालू ठेवलेले मिशनरीही आहेत. ते बरोबर की चूक, मला ठरवता येत नाही.

आणि जे पूर्ण करू शकत नाहीत त्यांचं काय? कोणाला नैराश्य येतं, कोणाच्या पोटाचे हाल होतात, कोणाची श्रद्धाच डळमळते. ते मुदतीआधी परत येतात. एअरपोर्टवर बाकीच्यांसाठी फुगे आणि रंगवलेले फलक असतात, 'वेलकम होम एल्डर' वगैरे. लवकर आलेल्यासाठी आईवडील आणि एक शांत गाडी. मग रविवारी चर्चमध्ये प्रश्न: 'अरे, इतक्यात?' हा प्रश्न विचारणाऱ्याला काही वाईट म्हणायचं नसतं. कॉलेज सोडून आलेल्या, नोकरी सोडून आलेल्या आपल्या पोरांना सोसायटीच्या लिफ्टमध्ये जो प्रश्न विचारतात तोच हा.

चर्चलाही हे दिसलं. २०१३ मध्ये त्यांनी मिशनरींसाठी एक पुस्तिका काढली, ताणाचे चार रंग सांगणारी: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. तुम्ही आज कुठल्या रंगात आहात ते बघा, आणि त्याप्रमाणे काय करायचं ते करा. लाल म्हणजे एकट्याने झेपणार नाही, मदत मागा. तब्येतीमुळे लांब जाता येत नाही अशांसाठी घरी राहून समाजसेवा करण्याचाही मार्ग आहे. खरं सांगायचं तर, ही रंगांची कल्पना कोटाला किंवा पुण्याला क्लाससाठी पाठवलेल्या मुलांच्या हातात कोणीतरी द्यावी. 'कसा आहेस?' ला 'ठीक' हे उत्तर येतं. 'कुठला रंग?' ला वेगळं काहीतरी येईल.

वार लावून जेवण

थोडं खाण्याकडे वळते, कारण इतकं गंभीर लिहून मला भूक लागली. स्वयंपाक येत नसलेली दोन मुलं एका खोलीत म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांना वाचवतात ती स्थानिक चर्चमधली कुटुंबं. बऱ्याच ठिकाणी चर्चमध्ये एक तक्ता फिरतो, त्यावर लोक आपली नावं घालतात: मंगळवारी आमच्याकडे, गुरुवारी तुमच्याकडे. हे वाचताना तुम्हाला काही आठवलं? वार लावून जेवणारे विद्यार्थी! आपल्याकडे शिक्षणासाठी गावाहून आलेली गरीब मुलं सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे जेवायची. पणजोबांच्या आठवणींत ते वार असतात. कुठल्या घरी आग्रह करून वाढायचे आणि कुठे ताट आपटायचे, हे त्या पिढीने आयुष्यभर लक्षात ठेवलं. मिशनरीही ठेवतात.

एक अडचण मात्र पक्की. मॉर्मन लोक दारूच नाही, चहा-कॉफीही पीत नाहीत. जपानला गेलेल्याला ग्रीन टी नाकारावा लागतो, आणि भारतात आलेल्याला... कल्पना करा! पाहुण्याला चहा विचारणं आणि पाहुण्याने तो घेणं, या दोन गोष्टींवर आपलं अर्धं सामाजिक जीवन उभं आहे.

हो, भारतातही हे मिशनरी आहेत. बंगळुरूचं मिशन १९९३ मध्ये सुरू झालं, नवी दिल्लीचं २००७ मध्ये. बंगळुरूला त्यांचं मंदिर उभारायची घोषणा २०१८ मध्ये झाली. परदेशी धर्मप्रचारकांना इथला व्हिसा सहज मिळत नाही आणि काही राज्यांत धर्मांतरविरोधी कायदेही आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या गल्लीत चालतं तसं काम इथे चालत नाही. भारतीय मुलंमुलीही ही सेवा करतात. आंध्रातला मुलगा दिल्लीत पाठवला, तर त्याच्यासाठी तोही परदेशच की.

पण मला खरं नवल वाटलं ते यांचं पाऊल पुण्यात किती आधी पडलं याचं. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला. तिथून पुण्यात आला. लष्करी छावणीत प्रचार करू लागला, अधिकाऱ्यांनी विरोध केला, तरी थोडे लोक जमवून त्याने एक छोटी मंडळी उभी केली. काही वर्षांत तो आणि त्याचे सहकारी परत गेले. रेल्वे पुण्याला पोचली नव्हती तेव्हा. म्हणजे हा माणूस बोरघाट चढून आला असणार, आणि वर आल्यावर पहिल्यांदा त्याला काय मिळालं असेल? पुन्हा नकारच.

परत आल्यावर

दोन वर्षांनी हातात काय उरतं? पदवी नाही, बँकेत पैसे नाहीत. भाषा उरते. जॉन हंट्समन तैवानला मिशनरी होते, तिथे चिनी शिकले आणि पुढे २००९ ते २०११ या काळात चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन, ज्यांचं पुस्तक आपल्याकडच्या प्रत्येक एमबीएवाल्याने निदान नावापुरतं तरी ऐकलंय, ते दक्षिण कोरियात होते. केंट गिल्बर्ट १९७१ मध्ये जपानला गेले, नंतर वकील होऊन पुन्हा तिथेच आले आणि जपानी टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा बनले. बाकी हजारो जणांचं असं काही होत नाही. त्यांतले बरेच जण उन्हाळ्यात दारोदार कीटकनाशक फवारणीची नाहीतर सोलर पॅनलची विक्री करतात. युटातल्या कंपन्या त्यांना मुद्दाम शोधून घेतात. ज्याने दोन वर्षं देव विकायचा प्रयत्न केला, त्याला झुरळांचं औषध काय जड?

मिशन संपल्याची खूण छोटी असते. घरी आल्यावर स्थानिक प्रमुख, ज्यांना स्टेक प्रेसिडेंट म्हणतात, ते मिशनमुक्त झाल्याचं सांगतात आणि मग ती काळी नावपट्टी काढून ठेवायची. त्या क्षणापर्यंत सगळे नियम लागू, एअरपोर्टवर भेटायला आलेल्या मैत्रिणीशी नुसतं हस्तांदोलन. आणि मग अचानक तुम्ही पुन्हा बंटी. परतलेल्यांच्या बोलण्यात एक गोष्ट नेहमी येते: एकटं दुकानात जाताना मागे वळून जोडीदार कुठे आहे ते बघण्याची सवय कित्येक आठवडे जात नाही. दोन वर्षं ज्या माणसापासून पळावंसं वाटत होतं, तो नाही म्हणून खोली मोठी वाटते.

तुमचा भाऊ, मुलगी, भाची कुणी अमेरिकेत किंवा जपानात असेल तर त्यांच्या दारावर कधी ना कधी या दोघांची बेल वाजेल. पांढरा शर्ट, काळी पट्टी, बहुधा सायकली फाटकाला टेकवलेल्या. धर्माचं ऐकायचं नसेल तर सरळ 'नको' सांगा, त्यांना सवय आहे. पण ऊन असेल तर पाणी विचारा. चहा नको. घरात लिंबू असेल तर सरबत करा, साखर जरा जास्त घाला, आणि मुलगा कुठल्या गावचा ते विचारा. त्या प्रश्नाचं उत्तर तो लांबवर देईल.